मुंबईचा निबंध, लंडनची धूळ

१८४५ साली मुंबईत नौदलाच्या मुलांना शिकवणाऱ्या एका मास्तराने हवेचे कोडे सोडवले होते. लंडनच्या पंडितांनी त्याचा निबंध निव्वळ बडबड ठरवून कपाटात टाकला. तो बाहेर यायला ४६ वर्षे लागली. तोपर्यंत त्याचे श्रेय इतरांच्या नावावर जमा झाले होते आणि मास्तर या जगात राहिला नव्हता.

मे महिना लागला की रायपूरमध्ये दुपारी रस्ते ओस पडतात. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत घराघरांच्या खिडक्यांतून कूलरची घरघर ऐकू येऊ लागते. ओट्यावर माठ असतो. काठोकाठ हवा भरून उन्हात उभी केलेली सायकल 'फट्' असा आवाज करून टायर फोडून घेते. छत्तीसगढ हे तांदळाचे कोठार. त्यामुळे दोन्ही वेळा कुकरची शिट्टी तर हवीच.

कूलर, माठ, टायर आणि कुकर. या चारही गोष्टींमागे निसर्गाचा एकच नियम आहे. हवा म्हणजे सतत धावणाऱ्या, एकमेकांवर आणि भिंतींवर आदळणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांचा मेळा आहे आणि उष्णता म्हणजे त्या कणांची धावपळ. आज शाळेतली मुलेही हे पाठ म्हणून दाखवतात. पण हे पहिल्यांदा नीट गणित मांडून सांगणाऱ्यांपैकी एकजण मुंबईत राहत होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. त्याचे नाव जॉन जेम्स वॉटरस्टन.

लाखेच्या कारखानदाराचा मुलगा

वॉटरस्टन यांचा जन्म १८११ साली स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. वडील जॉर्ज वॉटरस्टन यांचा पत्रे सीलबंद करण्याची लाख आणि कागद-शाई यांचा व्यवसाय होता. घर भरलेले, नऊ भावंडे. त्यांत जॉनचा क्रमांक सहावा. शाळा संपल्यावर त्याला एका स्थापत्य अभियांत्रिकी कंपनीत उमेदवारीला लावण्यात आले. सुदैवाने मालक समंजस होते. काम सांभाळून एडिंबरा विद्यापीठातील व्याख्यानांना जायला त्यांनी त्याला उत्तेजनच दिले. तेथे सर जॉन लेस्ली यांच्याकडे तो गणित आणि भौतिकशास्त्र शिकला. रसायन, शरीररचना आणि शल्यचिकित्सा या विषयांनाही त्याने हजेरी लावली.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याचा पहिला शोधनिबंध छापून आला. विषय होता गुरुत्वाकर्षण! दोन वस्तू एकमेकींना स्पर्श न करता कशा खेचतात, याचे उत्तर त्याने अतिसूक्ष्म कणांच्या धडकांत शोधायचा प्रयत्न केला होता. ते उत्तर टिकले नाही. पण कण, धडका आणि त्यांचा हिशेब हे वेड मात्र त्याच्या डोक्यातून आयुष्यभर गेले नाही.

एकविसाव्या वर्षी तो लंडनला गेला. रेल्वेचे मार्ग आखण्यासाठी मोजणी करण्याची नोकरी मिळाली. पगार बरा होता, पण सततच्या फिरतीमुळे वाचनाला सवड मिळेना. म्हणून त्याने ती सोडली आणि नौदलाच्या सागरी नकाशे बनवणाऱ्या खात्यात काम धरले. तेथे त्याचे वरिष्ठ होते कॅप्टन फ्रान्सिस बोफर्ट. वाऱ्याचा जोर मोजण्याची 'बोफर्ट श्रेणी' ज्यांच्या नावाने ओळखली जाते, तेच हे बोफर्ट. या बुद्धिमान तरुणाला निवांत वेळ हवा आहे, हे त्यांनी ओळखले. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत नौदलाच्या उमेदवारांना शिकवण्यासाठी शिक्षक हवा होता. १८३९ साली बोफर्ट यांच्या पाठिंब्याने ती जागा वॉटरस्टन यांना मिळाली.

त्या वेळची मुंबई

वॉटरस्टन आले तेव्हाची मुंबई आजच्यासारखी नव्हती. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावायला अजून चौदा वर्षे होती. विद्यापीठ १८५७ साली निघायचे होते. मात्र नव्या विद्येचे वारे वाहू लागले होते. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत शिकवत होते. पुढे त्याच संस्थेत गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झालेले दादाभाई नौरोजी तेव्हा विद्यार्थी होते. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नियमाने होऊ लागल्या होत्या. रायपूरचा मुलुख तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तो इंग्रजांच्या हाती जायला १८५४ साल उजाडायचे होते.

वॉटरस्टन यांना ही नोकरी मानवली. शिकवण्याचे काम आटोपले की उरलेला वेळ त्यांचा स्वतःचा. ग्रँट कॉलेजच्या ग्रंथालयात बसून ते वाचन आणि संशोधन करीत. चर्चेला बरोबरीचा कोणी भौतिकशास्त्रज्ञ नाही, हाताशी प्रयोगशाळा नाही आणि विलायतेचे टपाल यायला महिन्याहून अधिक काळ लागे. अशा परिस्थितीत त्यांनी वायूंचा प्रश्न हाती घेतला.

प्रश्न साधा, उत्तर अवघड

प्रश्न असा होता: बंद भांड्यातली हवा भांड्याच्या भिंतींना बाहेर का ढकलते?

रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली दाखवून दिले होते की तापमान तेच ठेवून हवा निम्म्या जागेत कोंबली तर तिचा दाब दुप्पट होतो. पण असे का होते? न्यूटनने गणिताने दाखवले होते की हवेचे कण एका जागी स्थिर राहून एकमेकांना दूर ढकलत असतील, तर बॉइलचा नियम निघतो. न्यूटनचे नाव एवढे मोठे की हेच खरे कारण, असे बहुतेकांनी गृहीत धरले. शिवाय उष्णता हा एक अदृश्य, वजनरहित द्रव असून तो गरम वस्तूतून थंड वस्तूत झिरपतो, असाही समज होता. वायू गरम केला की तो का फुगतो? तर हा द्रव कणांभोवती साचतो म्हणून. असे ते उत्तर होते.

याला एकच मोठा अपवाद. स्वित्झर्लंडच्या डॅनियल बर्नोली यांनी १७३८ साली द्रवपदार्थांच्या गतीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या दहाव्या प्रकरणात त्यांनी एक उभी नळी कल्पिली. तिच्यात वरून दट्ट्या बसवलेला आणि दट्ट्यावर वजन ठेवलेले. आत कण इकडेतिकडे वेगाने पळत आहेत. ते खालून दट्ट्यावर सतत आदळतात आणि त्या अगणित टकरांनीच वजन तोलले जाते. जागा कमी केली की टकरा वाढतात, म्हणून दाब वाढतो. किती सोपी कल्पना! पण शंभर वर्षे तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. पुढे १८२० च्या सुमारास इंग्लंडच्या जॉन हेरापाथ यांनी असाच विचार मांडला, तेव्हा लंडनच्या रॉयल सोसायटीने तोही नाकारला.

वॉटरस्टन यांनी मुंबईत बसून या दोघांपासून स्वतंत्रपणे हाच मार्ग शोधला आणि ते दोघांच्याही पुढे गेले.

कॅरमच्या सोंगट्या

त्यांची कल्पना समजायला कॅरमचा पट डोळ्यांपुढे आणावा. समजा, सोंगट्या कधी थांबतच नाहीत. घर्षण नाही, टक्कर झाली की वेग वाया जात नाही. पट अशा हजारो सोंगट्यांनी भरला आहे, त्या सगळ्या दिशांनी धावत आहेत आणि कडांवर आदळून परत येत आहेत. कडेला बसणारे हे सततचे टोले म्हणजेच वायूचा दाब.

आता वॉटरस्टन यांची मोठी पावले पाहू. दाब तीन गोष्टींवर ठरतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. ठराविक जागेत कण किती, प्रत्येक कणाचे वस्तुमान किती आणि त्यांच्या वेगाच्या वर्गाची सरासरी किती. तापमान म्हणजे दुसरेतिसरे काही नसून याच वेगाच्या वर्गाचे माप आहे. वेग दुप्पट झाला तर निरपेक्ष तापमान चौपट होते.

त्याहून महत्त्वाचे पाऊल पुढचे. जड आणि हलके असे दोन वायू एकाच तापमानाला मिसळले तर काय होईल? वॉटरस्टन म्हणाले, जड कण सावकाश पळतील, हलके वेगाने पळतील, पण दोघांच्या धावण्यातली सरासरी ऊर्जा अगदी सारखी राहील. उदाहरणच घ्यायचे तर ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा सोळा पट जड आहे. म्हणून हायड्रोजनचा रेणू ऑक्सिजनच्या चौपट वेगाने पळतो. ऊर्जेच्या या समान वाटणीचा नियम आज भौतिकशास्त्राच्या पायाभूत नियमांत गणला जातो. वायूंच्या बाबतीत तो सर्वप्रथम मांडण्याचा मान वॉटरस्टन यांच्याकडे जातो.

जत्रेतला हायड्रोजनचा फुगा दुसऱ्या दिवशी का मलूल होतो, हेही यातून कळते. हलके आणि चपळ रेणू रबराच्या बारीक फटींतून लवकर निसटतात. तोंडाने फुगवलेला साधा फुगा त्यापेक्षा अधिक काळ टिकतो.

पहिली ठेच

हे विचार वॉटरस्टन यांनी प्रथम १८४३ साली एका छोट्या पुस्तकात मांडले. ते स्वतःच्या खर्चाने एडिंबरात छापून घेतले. पण पुस्तकाचे नाव काय, तर 'थॉट्स ऑन द मेंटल फंक्शन्स', म्हणजे मनाच्या व्यापारांविषयी विचार! वायूंचे गणित या नावाखाली दडलेले असेल, हे कोणा भौतिकशास्त्रज्ञाच्या स्वप्नातही येणे शक्य नव्हते. पुस्तक कोणी वाचले नाही.

मग त्यांनी सारे पुन्हा नीट लिहून काढले. मुक्त आणि पूर्णपणे स्थितिस्थापक अशा गतिमान रेणूंनी बनलेल्या माध्यमांचे भौतिकशास्त्र, असे लांबलचक शीर्षक दिले आणि निबंध लंडनला धाडला. बोफर्ट यांच्यामार्फत तो रॉयल सोसायटीकडे पोहोचला. सोसायटीच्या नोंदीत तारीख आहे ११ डिसेंबर १८४५.

निबंध दोन परीक्षकांकडे गेला. एक होते ऑक्सफर्डचे प्राध्यापक बेडन पॉवेल, स्काउट चळवळीच्या संस्थापकाचे वडील. लेखकाचे कौशल्य आणि निरीक्षणांशी जुळणारी उत्तरे त्यांना दिसली. पण दाब हा कणांच्या टकरांमुळे निर्माण होतो, हे गृहीतच त्यांच्या गळी उतरेना. दुसरे परीक्षक होते खगोलशास्त्रज्ञ सर जॉन विल्यम लबॉक. त्यांनी फार शब्द खर्च केले नाहीत. हा निबंध निव्वळ अर्थहीन असून सोसायटीपुढे वाचण्याच्याही लायकीचा नाही, असा शेरा त्यांनी मारला.

तरीही ५ मार्च १८४६ रोजी निबंध सभेत वाचल्याची नोंद झाली आणि त्याचा त्रोटक गोषवारा छापला गेला. मूळ निबंध मात्र छापला नाही. खरी मेख पुढेच होती. सोसायटीच्या नियमाप्रमाणे एकदा वाचलेला निबंध तिच्या मालकीचा होई. तो परत मिळणार नव्हता आणि वॉटरस्टन यांनी आपल्याजवळ नक्कल ठेवली नव्हती. इतक्या वर्षांचे काम लंडनच्या दप्तरखान्यात गडप झाले.

दार ठोठावत राहिलेला माणूस

वॉटरस्टन खचले नाहीत. १८५१ साली त्यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या सभेकडे आपल्या सिद्धांताचा सारांश पाठवला. थोड्या जणांनी दखल घेतली, त्यांत विल्यम रँकिन आणि जर्मनीचे हेल्महोल्ट्झ होते. पण चर्चा उठली नाही.

१८५३ साली त्यांनी सूर्याच्या उष्णतेविषयी कल्पना मांडली. सूर्य कोळशासारखा जळत असता तर केव्हाच विझला असता. मग ही उष्णता येते कोठून? उल्का सूर्यावर कोसळत असतील आणि त्या धडकांतून उष्णता निर्माण होत असेल, असे त्यांनी सुचवले. विल्यम थॉमसन यांनी, म्हणजेच पुढच्या लॉर्ड केल्विन यांनी, ही कल्पना उचलून पुढे वाढवली. ती अखेर चूक ठरली, कारण सूर्याचा खरा उगम अणुगर्भातील ऊर्जेत आहे आणि हे विसाव्या शतकात कळले. तरी आपल्या काळातल्या एका मोठ्या वादाला वॉटरस्टन यांनी वळण दिले, हे खरे. भारतातल्या कडक उन्हात त्यांनी सूर्याच्या उष्णतेची मोजमापेही घेतली. या उन्हात काम करताना त्यांना उष्माघाताचा त्रास झाला आणि तो पुढे त्यांची पाठ सोडणार नव्हता.

१८५७ साली मुंबईची नोकरी सोडून, साठवलेल्या पैशांवर साधेपणाने राहत पूर्णवेळ संशोधन करावे, या हेतूने ते एडिंबराला परतले. आणि नेमक्या याच सुमारास त्यांचा सिद्धांत यशस्वी होत होता, फक्त दुसऱ्यांच्या नावाने! १८५६ साली जर्मनीत क्रोनिग यांनी आणि १८५७ साली क्लॉसियस यांनी वायूंच्या गतीचा सिद्धांत प्रसिद्ध केला. १८६० साली जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा निबंध छापून आला. मॅक्सवेलदेखील एडिंबराचेच.

मॅक्सवेल यांनी कोणाचे काही चोरले नाही. वॉटरस्टन यांचा निबंध दप्तरखान्यात आहे, हे त्यांना माहीत असण्याचे कारणच नव्हते. शिवाय त्यांनी वॉटरस्टन यांच्यापुढचे एक पाऊल टाकले. सगळे रेणू एकाच वेगाने पळत नाहीत. काही फार जलद, काही मंद, बहुतेक मधल्या वेगाचे. या वेगांची वाटणी कशी होते, याचे सूत्र मॅक्सवेल यांनी दिले. वॉटरस्टन यांच्या निबंधात ते नव्हते आणि वायूंच्या विशिष्ट उष्णतेचे गणित करताना त्यांची चूकही झाली होती. पण पाया मात्र तोच होता आणि तो पंधरा वर्षे आधी घातला गेला होता.

घरातली हवा

या पायावर आपल्या घरातल्या किती गोष्टी उभ्या आहेत, हे पाहिले तर आश्चर्य वाटते. खोलीतल्या एका घन सेंटिमीटर हवेत रेणूंची संख्या सुमारे २५ वर अठरा शून्ये एवढी भरते. २७ अंश तापमानाला नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात. म्हणजे आवाजापेक्षाही जलद!

मग स्वयंपाकघरातल्या फोडणीचा वास दिवाणखान्यात पोहोचायला वेळ का लागतो? क्लॉसियस यांनाही त्या काळी हाच प्रश्न विचारण्यात आला होता. उत्तर असे की प्रत्येक रेणूला सेकंदाला काही अब्ज टकरा बसतात. जत्रेच्या गर्दीत धावू पाहणाऱ्या मुलासारखी त्याची गत होते. पळतो फार, पुढे सरकतो थोडा. गॅस सिलिंडर गळत असेल तर म्हणूनच वास सगळ्या घरात एकाच वेळी येत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो. वास आला की विजेचे कोणतेही बटण न दाबता, काडी न पेटवता, आधी रेग्युलेटर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्या, असे सांगतात ते यासाठीच.

कुकरची शिट्टी म्हणजे बर्नोलींचा दट्ट्याच. आतल्या वाफेचे रेणू वजनावर खालून आदळतात. टकरांचा जोर वजनापेक्षा वाढला की शिट्टी उचलली जाते. आतला दाब बाहेरच्या सुमारे दुप्पट झालेला असतो, म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या जवळपास उकळते आणि भात लवकर शिजतो.

टायरचेही तसेच. रायपूरमध्ये डिसेंबरच्या एखाद्या पहाटे तापमान १२ अंशांवर असेल आणि मेच्या दुपारी ४५ अंशांवर, तर त्याच टायरमधल्या हवेचा एकूण दाब साडेअकरा टक्क्यांच्या आसपास वाढतो, आणि डांबरी रस्त्यावर टायर त्याहून तापतो. म्हणून उन्हाळ्यात हवा काठोकाठ भरू नये, असे जाणते सायकलवाले सांगत आले आहेत.

माठ आणि कूलर यांचे गुपित वेगांच्या वाटणीत आहे. पाण्यातले सगळ्यांत चपळ रेणू पृष्ठभाग सोडून हवेत उडून जातात. मागे राहतात ते मंद रेणू, म्हणजेच थंड पाणी. वर्गातली हुशार मुले निघून गेली की वर्गाची सरासरी खाली येते, तसेच हे. मे महिन्यात रायपूरची हवा कोरडी असते, गेलेले रेणू परत फारसे येत नाहीत, म्हणून कूलर छान गारवा देतो. जुलैत हवा दमट झाली की जितके रेणू जातात जवळजवळ तितकेच परत येतात आणि तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. यात कूलरचा काही दोष नसतो.

कपाट उघडले

एडिंबरातली वॉटरस्टन यांची शेवटची वर्षे कडवटपणात गेली. ध्वनी, खगोल, द्रव, उष्णता अशा विषयांवर ते लिहीत राहिले. स्वभावाने ते मुळात घुमे किंवा तुसडे नव्हते. पण विद्वत्सभांचे नाव काढले की त्यांचा संताप अनावर होई, अशी आठवण त्यांच्या नातेवाइकांनी सांगितली आहे. हळूहळू ते माणसांतून उठून गेले. १८ जून १८८३ रोजी ते घराबाहेर पडले ते परतलेच नाहीत. उष्माघातानंतर त्यांना चक्कर येत असे. तशीच चक्कर येऊन ते पाण्यात पडले असावेत, असे मानले जाते.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ साली, रॉयल सोसायटीचे सचिव लॉर्ड रॅले वॉटरस्टन यांचा ध्वनीविषयीचा १८५८ सालचा एक निबंध वाचत होते. त्यात १८४६ च्या जुन्या निबंधाचा उल्लेख आढळला. रॅले यांचे कुतूहल जागे झाले. त्यांनी दप्तरखाना धुंडाळला आणि पिवळे पडलेले ते हस्तलिखित त्यांच्या हाती लागले. पुढे आरगॉन या वायूच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाला आपल्या हाती काय आले आहे, हे ओळखायला वेळ लागला नाही. १८९२ साली सोसायटीच्या त्याच प्रतिष्ठित ग्रंथमालेत निबंध जसाच्या तसा छापला गेला. हा निबंध वेळेवर न छापल्यामुळे या विषयाची प्रगती बहुधा दहा-पंधरा वर्षे मागे पडली, अशी कबुली रॅले यांनी प्रस्तावनेत दिली.

१९२८ साली जे. एस. हाल्डेन यांनी वॉटरस्टन यांचे सारे लेखन एकत्र करून प्रसिद्ध केले आणि त्यांचे चरित्रही लिहिले. त्यांच्याविषयी आज जे कळते, ते बरेचसे या ग्रंथामुळे. याच हाल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले.

दोष कोणाचा?

प्रस्तावनेत रॅले यांनी तरुण लेखकांना एक सल्लाही दिला आहे. मोठी झेप घेण्याआधी आवाक्यातली, ज्यांचे मोल सहज ठरवता येईल अशी कामे करून विद्वानांचा विश्वास मिळवावा, असा त्याचा मथितार्थ. सल्ला व्यवहाराचा आहे. कोणतेही आईवडील आपल्या मुलाला हेच सांगतील.

पण हा सल्ला पुरेसा आहे का? तो पाळायला माणूस राजधानीत हवा, चार ओळखी हव्यात. दूरच्या गावी एकट्याने विचार करणाऱ्याने ओळख मिळवायची कशी? त्याच्याजवळ त्याचे काम एवढीच ओळख असते. वॉटरस्टन यांचा अपराध असलाच तर एवढाच की ते लंडनमध्ये नव्हते आणि त्यांच्या नावापुढे कोणती पदवी नव्हती.

परीक्षकांनाही सरसकट दोष देता येत नाही. त्या काळी रेणू कोणी पाहिले नव्हते. रेणू खरोखर आहेत की ती केवळ सोयीची कल्पना आहे, हा वाद विसाव्या शतकापर्यंत चालला. १९०५ साली आइन्स्टाइन यांचे गणित आणि त्यानंतर फ्रान्सच्या पेरँ यांचे प्रयोग झाले, तेव्हा कुठे तो मिटला. त्यामुळे पॉवेल यांना शंका वाटली, यात गैर काही नव्हते. त्यांनी निबंध वाचला आणि नेमके काय पटत नाही ते लिहिले. अशा टीकेला उत्तर देता येते. लबॉक यांच्या शेऱ्याला उत्तरच नव्हते. 'हे चूक आहे, कारण असे' आणि 'हा मूर्खपणा आहे' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे! पहिल्याने माणूस शिकतो, दुसऱ्याने तो मनातून उठतो.

ही गोष्ट फक्त शास्त्रज्ञांची नाही. रायपूर, बिलासपूर, गोंदिया, चंद्रपूर अशा ठिकाणी हजारो मुले मोठ्या शहरांपासून दूर राहून अभ्यास करतात, प्रश्न विचारतात, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी वेगळेच गणित मांडून पाहतात. त्यांतले बहुतेक चुकणारच. वॉटरस्टनही गुरुत्वाकर्षणाबाबत चुकले, सूर्याबाबत चुकले आणि वायूंच्या बाबतीत मात्र साऱ्या जगाच्या पुढे होते. कोणत्या वहीत काय दडले आहे, हे वही उघडल्याशिवाय कळत नाही. तेव्हा घरातल्या मुलाने आपली वही पुढे केली तर पाच मिनिटे ती वाचावी, चूक असेल तर कोठे आहे ते दाखवावे.

आणि मुलांनी वॉटरस्टन यांच्याकडून एक साधी गोष्ट शिकावी. आपल्या कामाची एक नक्कल नेहमी स्वतःजवळ ठेवावी!